चार खांब, एक कापड आणि उघड्या बाजू



पास्काचा सण झाला की आपल्या धर्मग्रामात लग्नांची घाई सुरू होते. नावनोंदणीसाठी घरची मंडळी येतात, मिस्साची वेळ ठरते, हॉल ठरतो आणि लगेच पुढचा विषय निघतो तो डेकोरेशनचा. मांडव किती फुटांचा, पडदे कोणत्या रंगाचे, स्टेजच्या मागे काय लावायचे, फुले खरी की कापडी. शेजारच्या वाडीत झालेल्या लग्नाशी मनातल्या मनात तुलना होते आणि आकडा वाढत जातो. काही घरांत तो पतपेढीच्या कर्जातून भागवला जातो. मांडव दोन दिवसांत उतरतो, हप्ते मात्र दोन-तीन वर्षे चालू राहतात.

म्हणून या रविवारी आपण एका वेगळ्याच मांडवाचा अभ्यास करणार आहोत. यहुदी लोकांच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावर एक छत धरतात. हिब्रू भाषेत त्याला ‘हुप्पा’ म्हणतात. हा विषय आपल्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याची तीन कारणे आहेत. पवित्र मरिया आणि संत योसेफ यांचा विवाह समजून घ्यायचा तर यहुदी लग्नाची रीत माहीत असावी लागते. दुसरे, हे लोक आपल्यापासून दूरचे नाहीत. बाणकोटची खाडी ओलांडून रायगड जिल्ह्यात गेलो की मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची जुनी गावे लागतात. आणि तिसरे, हे छत आपल्या स्वतःच्या मांडवाकडे नव्याने पाहायला शिकवते.

छत कसे असते?

ख्रिस्तशरीराच्या सणाला पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघते, तेव्हा धर्मगुरूंच्या डोक्यावर दांड्यांवर ताणलेले एक छत धरले जाते. चार कोपऱ्यांना चार माणसे दांडे धरून सावकाश चालतात. ते चित्र डोळ्यांपुढे आणा. हुप्पा दिसायला साधारण तसेच असते. चार खांब, त्यांवर चौकोनी कापड आणि चारी बाजू मोकळ्या. खाली वधू, वर आणि विधी चालवणारी व्यक्ती उभी राहते. जागा असेल तर आईवडीलही उभे राहतात.

या छताखाली लग्नाचे सगळे महत्त्वाचे भाग पार पडतात. द्राक्षारसाच्या प्याल्यावर आशीर्वाद म्हटला जातो. वर वधूच्या बोटात अंगठी घालतो. ही अंगठी खड्यांची नसते, साधी असते, म्हणजे तिच्या किमतीबद्दल कोणाची फसगत होऊ नये. मग ‘केतुबा’ वाचला जातो. केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा. पत्नीला अन्न, वस्त्र आणि सहवास देण्याची पतीची जबाबदारी त्यात लिहिलेली असते आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात. त्यानंतर सात आशीर्वाद म्हटले जातात. शेवटी वर पायाखाली काचेचा पेला फोडतो. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण आनंदाच्या घडीलाही राहावी, असा त्याचा अर्थ सांगतात.

शब्दाची जुनी कथा

‘हुप्पा’ हा शब्द जुन्या करारात आढळतो. स्तोत्र १९ मध्ये उगवत्या सूर्याला आपल्या दालनातून बाहेर पडणाऱ्या वराची उपमा दिली आहे. त्या दालनाला मूळ हिब्रूत हाच शब्द आहे. योएल संदेष्टा दुसऱ्या अध्यायात लोकांना उपवासाला बोलावतो, तेव्हा नववधूनेही आपल्या हुप्पातून बाहेर यावे असे सांगतो. यशयाच्या चौथ्या अध्यायात सियोन डोंगरावर पसरणाऱ्या परमेश्वराच्या गौरवाच्या आच्छादनालाही हाच शब्द वापरला आहे.

त्या काळी मात्र चार खांबांचे छत नव्हते. हुप्पा म्हणजे वधूवरांसाठी सजवलेली खोली किंवा तंबू. वधूला तेथे नेले की लग्न पूर्ण झाले, असे मानत. यहुदी विवाहाचे दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्याला ‘किद्दुशीन’ म्हणत. ‘पवित्र’ या अर्थाच्या हिब्रू शब्दापासून तो शब्द आला आहे. या टप्प्यानंतर ती स्त्री कायद्याने त्या पुरुषाची पत्नी ठरे, परंतु राहत असे आपल्या वडिलांच्याच घरी. तयारीसाठी साधारण वर्षभराची मुदत असे. दुसरा टप्पा ‘निस्सुईन’. त्या वेळी वर वधूला आपल्या घरी, आपल्या हुप्पात आणत असे.

आता मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडा. मरियेचे योसेफाशी वाग्दान झाले होते, पण ती दोघे एकत्र राहत नव्हती. तरीही योसेफाला तिचा पती म्हटले आहे आणि तिला सोडायचे तर सूटपत्राचा विचार त्याच्या मनात येतो. आपल्याकडे साखरपुडा मोडायला सूटपत्र लागत नाही. म्हणून अनेकांना हा भाग वाचताना अडखळायला होते. पण दोन टप्पे ध्यानात घेतले की सगळे स्पष्ट होते. पहिला टप्पा पार पडला होता, दुसरा राहिला होता. देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो की मरियेला घरी आणायला भिऊ नकोस. म्हणजे तो त्याला दुसरे पाऊल टाकायला सांगतो. योसेफ उठतो आणि तिला आपल्या छपराखाली घेतो. गावाला शंका घ्यायला जागा होती, तरी त्याने छप्पर आखडले नाही. हुप्पाचा खरा अर्थ या एका कृतीत दिसतो.

पुढे मध्ययुगात हे दोन्ही टप्पे एकाच दिवशी होऊ लागले. लग्न चारचौघांत, प्रार्थनालयात किंवा त्याच्या अंगणात लागू लागले, तेव्हा खोलीची खूण म्हणून उचलून नेता येईल असे छत आले. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकूव शहरातले धर्मपंडित मोशे इसेर्लेस यांनी खांबांवर कापड ताणून त्याखाली वधूवरांना उभे करण्याची रीत आपल्या काळातली रीत म्हणून नोंदवली आहे. युरोपातल्या यहुद्यांत हे लग्न उघड्या आकाशाखाली लावण्याचीही प्रथा पडली. तुझी संतती ताऱ्यांइतकी होईल, हे अब्राहामाला मिळालेले वचन त्यामागे आहे. सेफार्दी आणि पूर्वेकडच्या कित्येक समाजांत खांबांऐवजी प्रार्थनेची शाल, म्हणजे ‘तालीत’, वधूवरांच्या डोक्यावरून धरतात.

आवश्यक काय आणि शोभेचे काय?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक साधा भेद शिकवतात. वस्तूला ती वस्तू बनवते ते तिचे सार. बाकी सगळे आगंतुक. खुर्ची लाल असो की हिरवी, ती खुर्चीच असते. बसायची जागाच काढून टाकली तर मात्र ती खुर्ची उरत नाही. हा भेद हुप्पाला लावून पाहू या.

हुप्पाला काय लागते? डोक्यावर छप्पर लागते. ते उभे राहील असा आधार लागतो. छत वधूवरांवर यावे लागते. झाले. कापड रेशमी हवे असा नियम नाही. रंग ठरलेला नाही. भरतकाम हवेच असे नाही. आजोबांची जुनी तालीत चार काठ्यांना बांधली तरी हुप्पा पूर्ण होते.

उलट शोभेला आवर घालण्याचा इतिहास आहे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्या दुःखाच्या काळात यहुदी धर्मगुरूंनी लग्नातल्या काही हौशींवर बंदी घातली. वरांच्या डोक्यावरचे मुकुट बंद झाले. सोन्याने मढवलेल्या किरमिजी वस्त्रांच्या छतांनाही मनाई झाल्याचे तालमूद या ग्रंथात नोंदले आहे. पण तेथेच हेही म्हटले आहे की साधा सांगाडा उभारून त्यावर आपल्याला हवे ते टांगावे. म्हणजे आनंदाला बंदी नव्हती. बंदी होती ती डोळे दिपवणाऱ्या श्रीमंतीला.

त्याच तालमूदात आणखी एक सुंदर रीत आली आहे. बेतार नावाच्या गावी मुलगा जन्माला आला की देवदार लावत आणि मुलगी जन्मली की त्याच जातकुळीतले दुसरे झाड. ती मुले मोठी होऊन लग्नाला उभी राहिली की त्या झाडांच्या फांद्या तोडून त्यांचे छत करत. विचार करा, त्या छताला पैसे किती लागले असतील? काहीच नाही. वेळ किती लागला असेल? वीस वर्षे.

हाताने छत कसे तयार करतात?

आजही जगभरात कित्येक यहुदी घरांत हुप्पा हाताने तयार होते. काही कुटुंबे हस्तकलाकारांकडून करवून घेतात, काही घरीच शिवतात. आपल्यातल्या भगिनींना शिवणकामाची आवड आहे, म्हणून या कामाची थोडी माहिती देतो.

कापड सर्वसाधारणपणे पाच-सहा फूट चौरस असते. आईवडिलांनाही खाली घ्यायचे असेल तर ते मोठे घ्यावे लागते. खांब माणसाच्या उंचीहून चांगले दोन-तीन फूट जास्त असावे लागतात, कारण ताणलेले कापडसुद्धा मध्यभागी खाली झुकते. खांब दोन तऱ्हांचे असतात. एक, जड बैठकीवर आपोआप उभे राहणारे. दुसरे, चार मित्रांनी किंवा भावंडांनी हातात धरायचे. हातात धरायचे असतील तर सगळा विधी होईपर्यंत ते पेलावे लागतात. म्हणून कापड हलके लागते. मखमल दिसायला भारदस्त असते, पण जरीचे काम आणि झालर लावली की तिचे वजन मनगटांना कळते. समुद्रकाठी किंवा मोकळ्या मैदानात वारा असतो. तेथे अगदी तलम कापड शिडासारखे फुगते. रेशीम, सुती कापड किंवा दोन्हींचा मेळ घालून कारागीर मधला मार्ग काढतात.

सगळ्यात जास्त ताण कोपऱ्यांवर येतो. म्हणून चारही कोपऱ्यांना आतून त्रिकोणी ठिगळ लावून कापड दुहेरी करतात आणि मजबूत पट्टी शिवून तिला बंद किंवा कडी जोडतात. भरतकाम कितीही सुंदर असले तरी कोपरा उसवला की छत खाली येते. संसारातही हेच घडते. जे दिसत नाही त्या शिवणीवर सगळा भार असतो.

नक्षी कोठे काढायची, हा या कामातला खरा प्रश्न आहे. आपण टेबलक्लॉथ किंवा वेदीवरचे वस्त्र भरतो तेव्हा सुलट बाजू वर असते. हुप्पाची सुलट बाजू खाली असते. वधूवर मान वर करतील तेव्हा त्यांना ती दिसली पाहिजे. पाहुण्यांना लांबून फक्त कडेची झालर दिसते. म्हणजे पाहुण्यांसाठी झालर आणि त्या दोघांसाठी छताचे पोट. जो सगळी मेहनत पाहुण्यांच्या बाजूला करतो त्याने छताचा उद्देशच ओळखला नाही, असे म्हणावे लागेल.

नक्षीत डाळिंब, द्राक्षवेल, गव्हाची लोंबी, अंजीर, जैतुनाची डहाळी अशी चिन्हे आवडीने घेतात. अनुवादाच्या आठव्या अध्यायात वचनदत्त देशाच्या सात पिकांची यादी आहे, त्यातली ही. यरुशलेमची तटबंदी किंवा जीवनाचे झाडही काढतात. कडेने हिब्रू अक्षरे भरायची असतील तर यिर्मयाच्या तेहतिसाव्या अध्यायातले वधूवरांच्या आनंदस्वराचे शब्द विशेष लोकप्रिय आहेत. अक्षरांचे काम जपून करावे लागते. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. शिवाय त्यातली ‘दालेत’ आणि ‘रेश’ ही दोन अक्षरे एका कोपऱ्याच्या फरकाने वेगळी होतात, आपल्या ‘घ’ आणि ‘ध’ सारखी. म्हणून आधी कागदावर आखून, जाणकाराकडून तपासून मगच सुई हातात घेतात. देवाचे नाव असलेली वस्तू यहुदी लोक टाकून देत नाहीत किंवा मिटवत नाहीत. म्हणून छतावर शक्यतो ते नाव नसलेलीच वचने निवडतात.

अलीकडच्या काळात एक पद्धत रूढ झाली आहे आणि ती आपल्या घरात सहज समजेल. वधूवरांचे आप्त आणि मित्र यांना सारख्या मापाचे कापडाचे चौकोन पाठवतात. प्रत्येकाने आपल्या चौकोनावर काहीतरी भरायचे, रंगवायचे किंवा जोडायचे. आजी आपल्या लग्नातल्या साडीचा तुकडा लावते, लहान भाचा नुसता हाताचा ठसा उमटवतो. कडेला शिवणीपुरती जागा सोडायची, एवढाच नियम. सगळे चौकोन परत आले की जोडून एक छत होते. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत, तसेच हे. फरक एवढाच की ही गोधडी आधी डोक्यावर असते. लग्नानंतर ती घरात भिंतीवर लावतात, पलंगावर टांगतात किंवा पुढच्या पिढीच्या लग्नासाठी जपून ठेवतात.

ज्यांना असे छत जमत नाही त्यांचे काय? अनेक प्रार्थनालयांत समाजाचे म्हणून एक छत ठेवलेले असते. त्याखाली श्रीमंताचे लग्न लागते आणि गरिबाचेही. दोघांचे छत एकच.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल

अलिबागजवळ नवगाव नावाचे गाव आहे. फार पूर्वी तेथे एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचून किनाऱ्याला लागल्या, अशी कोकणातल्या यहुद्यांची परंपरा सांगते. त्यांचे वंशज म्हणजे बेने इस्राएल समाज. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी शब्बाथ पाळून ते घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमकर ही नावे ऐकली तर ती यहुद्यांची असतील असे कोणाला वाटणारही नाही. शतकानुशतके त्यांची मातृभाषा मराठीच राहिली. त्यांनी बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तनेही रचली.

मुंबईत त्यांनी १७९६ साली आपले पहिले प्रार्थनालय उभारले. सॅम्युएल दिवेकर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. बेने इस्राएल लोक प्रार्थनालयाला ‘मशीद’ म्हणत. मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात. अलिबागच्या इस्राएल आळीतले प्रार्थनालय अनेकांनी पाहिले असेल.

यांच्या लग्नाच्या रीती पाहिल्या की कोकणाची ओळख पटते. घरापुढे मांडव, मेंदीची रात्र, हिरव्या बांगड्या. शुभकार्यात ‘मलिदा’ करतात. ओले पोहे, खोबरे, साखर आणि फळे तबकात मांडून एलिया संदेष्ट्याच्या नावाने परमेश्वराचे आभार मानतात. आणि लग्नाच्या वेळी वधू पांढऱ्या साडीत प्रार्थनालयात येऊ लागली की वर तिच्याकडे तोंड करून हिब्रू गीत गातो. मधोमधच्या उंच चौथऱ्यावर, म्हणजे ‘तेवा’वर, विधी होतो. मांडव कोकणाचा, करारनामा यरुशलेमच्या परंपरेचा. दोन्ही जपण्यात त्यांना कधी अडचण वाटली नाही.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? गोव्याकडून आलेल्या आपल्या घरांत अजून ‘माटव’ घातला जातो आणि रोस लावला जातो. मुंबईच्या ईस्ट इंडियन बांधवांत उंबराचे पाणी आणण्याचा विधी आहे. मातीची रीत आणि श्रद्धेचा संस्कार एका मांडवात नांदू शकतात, हे कोकणाला ठाऊक आहे.

उघड्या बाजूंची परीक्षा

हुप्पाला भिंती का नसतात? यहुदी परंपरा उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायाकडे बोट दाखवते. अब्राहाम तंबूच्या दाराशी बसला होता आणि अनोळखी पाहुणे दिसताच धावत सामोरा गेला. त्याचा तंबू चारी बाजूंनी उघडा होता, म्हणजे कोणत्याही दिशेने येणाऱ्याला दार शोधावे लागू नये, असे त्यांचे गुरू सांगत आले. नव्या जोडप्याचे घर तसे असावे, म्हणून छताच्या बाजू मोकळ्या.

पण तत्त्व शिकवणे सोपे आणि पाळणे कठीण. आपल्या कोकणातल्या या शेजाऱ्यांनी त्याचा कडू अनुभव घेतला आहे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्यानंतर हजारो बेने इस्राएल तेथे जाऊन स्थायिक झाले. तेथे यहुद्यांची लग्ने त्यांच्या धर्मपीठाकडेच लागतात, नोंदणी पद्धतीचा दुसरा मार्ग नाही. काही धर्मगुरूंनी शंका काढली: हे लोक इतकी शतके दूर राहिले, विवाहाचे आणि घटस्फोटाचे नियम यांनी नीट पाळले असतील कशावरून? १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्ती अन्य यहुद्याशी लग्न करू पाहील तर तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी दोन हजार वर्षे शनिवारी घाणा बंद ठेवल्याची आठवण जपली, त्यांना हुप्पाखाली उभे राहण्याआधी आजी-पणजीचा दाखला द्यावा लागणार होता.

त्यांनी ते मुकाट्याने सोसले नाही. यरुशलेममध्ये त्यांनी धरणे धरले. १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि संसदेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे स्पष्ट केले आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांच्या समाजाचे नाव वगळावे लागले. छताची एक बंद केलेली बाजू पुन्हा उघडली.

ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. भारतात असताना खुद्द बेने इस्राएलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. ज्यांच्या घराण्यात बाहेरची स्त्री आली असे मानले जाई ते ‘काळे’. त्यांच्याशी गोरे लग्नसंबंध करत नसत. म्हणजे जे दुःख पुढे त्यांच्या वाट्याला आले, त्याची छोटी प्रत त्यांच्याच अंगणात होती.

आणि आपल्या अंगणात? बंधू-भगिनींनो, येथे आपण मान खाली घालून विचार करावा. बाप्तिस्मा एक, वेदी एक, तरी स्थळ पाहताना पूर्वीची जात अजून हळूच विचारली जाते. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, रविवार चुकवत नाही, ‘पण आपल्यातला नाही’ असे वाक्य कित्येक घरांत निघते. गोव्याचे आणि घाटावरचे, जुने ख्रिस्ती आणि नंतरचे ख्रिस्ती, अशी मोजमापे चालू असतात. आपण मांडवाला लाखभर रुपयांची झालर लावतो आणि एका बाजूने भिंत बांधतो. आपला शेजारी समाज कोणत्या प्रसंगातून गेला हे कळल्यावर तरी ही भिंत आपल्याला दिसावी.

आपल्या घरासाठी

पवित्र विवाह कशाने होतो? आपली ख्रिस्तसभा शिकवते की वधूवरांच्या मोकळ्या संमतीने होतो. मांडव त्यात आगंतुक आहे. आगंतुक म्हणजे वाईट नव्हे. सजावट आनंदाची भाषा आहे आणि काना गावच्या लग्नातला आनंद प्रभू येशूनेही कमी होऊ दिला नाही. परंतु सार आणि शोभा यांची अदलाबदल झाली की कर्ज उरते आणि अर्थ हरवतो.

म्हणून दोन साध्या सूचना. यंदा ज्या घरात लग्न आहे तेथे निदान एक वस्तू हाताने करा. छतच हवे असे नाही. वेदीवरचे एखादे वस्त्र, अंगठ्या ठेवायची उशी, मांडवाचे तोरण, काहीही. आजीच्या साडीचा तुकडा त्यात येऊ द्या आणि नक्षी अशा बाजूला काढा की ती त्या दोघांना दिसेल. संत पौल, अक्विला आणि त्याची पत्नी प्रिस्किल्ला हे तिघे तंबू करण्याचा व्यवसाय करत, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. त्या नवरा-बायकोने पौलाला आपल्या घरी ठेवून घेतले होते. सुई धरणारे हात आणि दार उघडणारे हात एकच होते.

दुसरी सूचना महिला मंडळाला. यहुदी प्रार्थनालयांत समाजाचे एक छत असते, तसे आपल्या चर्चसाठी लग्नाच्या सजावटीचे एक चांगले, हाताने केलेले सामान आपण मिळून तयार करू शकतो का? प्रत्येक घरातून एक चौकोन आला तरी पुरे. ज्याला परवडते आणि ज्याला परवडत नाही, दोघांचे लग्न त्याच शोभेत होईल आणि कोणाच्या घरचे लग्न साधे झाले, ही कुजबुज बंद होईल.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. मत्तय १:१८-२५ एकत्र वाचा. योसेफाने मरियेला घरी आणले, यात त्याने कोणता धोका पत्करला?

२. आपल्या घरच्या मागील लग्नात सार कोणते होते आणि शोभा कोणती होती? खर्च कशावर जास्त झाला?

३. आपल्या घराची कोणती बाजू बंद आहे? कोणाला आपण ‘आपल्यातला नाही’ म्हणतो?

४. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: तुमच्या लग्नाचा मांडव कोणी घातला होता? त्यासाठी कोण कोण हात लावायला आले होते?

ज्याने अब्राहामाच्या तंबूत पाहुणा म्हणून भाकर खाल्ली, तो परमेश्वर आपल्या प्रत्येक छपराखाली वस्तीला येवो.

आपला धर्मगुरू